इन्फर्मेशन सिस्टिम्समध्ये रिसर्च मेथड्स शिकताय? गूगल फॉर्म शेवटी

इन्फर्मेशन सिस्टिम्स म्हणजे लोक आणि संस्था कॉम्प्युटर, अ‍ॅप वगैरे कसे वापरतात याचा अभ्यास. त्यात एमबीएचा प्रोजेक्ट असो नाहीतर पीएचडी, बरेचजण आधी गूगल फॉर्म बनवतात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ढकलतात आणि मग गाइडला विचारतात की सर आता याच्यावर कुठली स्टॅटिस्टिकल टेस्ट लावू. उलटी गंगा आहे ही.

सुरुवात जाड टेक्स्टबुकाने करू नका, एकच पेपर घ्या. फ्रेड डेव्हिसचा 1989 चा, एमआयएस क्वार्टरली या जर्नलमधला, ज्यातून ते टॅम मॉडेल (लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात हे सांगणारं) सगळीकडे गेलं. सायटेशन सगळे देतात पण त्यातली मेथड कितीजण वाचतात देव जाणे. ‘उपयोगी वाटतं’ आणि ‘सोपं वाटतं’ या दोन गोष्टी मोजायला त्याने प्रत्येकी 14 वाक्यं काढली, लोकांना दाखवून 10 वर आणली, मग डेटा बघून 6 वर. म्हणजे प्रश्नावली बनवणं हेच अर्धं काम होतं, आणि आपण ते पाच मिनिटांत कॉपी-पेस्ट करतो!

मग स्वतःचा प्रश्न. समजा ई-पीक पाहणीचं अ‍ॅप घेतलं. शेतकरी ते कशामुळे वापरतात आणि त्यातलं कुठलं कारण जास्त जोरदार, हे बघायचं असेल तर सर्व्हे ठीक. पण अ‍ॅप आल्यावर तलाठी आणि शेतकरी यांच्यात नेमकं काय बदललं हे विचारायचंय, तर फॉर्म काही कामाचा नाही, गावात जाऊन बसावं लागेल, मुलाखती घ्याव्या लागतील, आणि त्यासाठी क्लाइन आणि मायर्सचा 1999 चा पेपर वाचा, त्यात अशा अभ्यासाची सात तत्त्वं दिलीत. रेंज नसताना चालेल असं काही बनवायचं असेल तर डिझाइन सायन्स, म्हणजे काहीतरी बनवून ते तपासत केलेला रिसर्च, त्याला हेव्हनर मंडळींचा 2004 चा पेपर. नुसतं अ‍ॅप बनवलं की रिसर्च झाला असं नाही हां, ते कुणाचा कुठला प्रॉब्लेम सोडवतं आणि खरंच सोडवतं का हे तपासून दाखवावं लागतं.

लिटरेचर रिव्ह्यूला एक्सेल उघडा, ओळीत पेपर, कॉलममध्ये संकल्पना. वेबस्टर-वॉटसनची 2002 ची आयडिया आहे. ‘अमक्याने हे म्हटलं, तमक्याने ते म्हटलं’ ही रटाळ यादी त्याने आपोआप टळते, आणि कुठला कॉलम रिकामा आहे तेही दिसतं.

स्मार्टपीएलएस वगैरे सर्व्हेच्या डेटाची सॉफ्टवेअर्स शिकायला वेळ लागत नाही, बटण दाबलं की आकडे येतात. क्रोनबॅक अल्फा (एका गोष्टीचे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात) 0.70 च्या वर, एव्हीई (ते प्रश्न ती गोष्ट कितपत पकडतात) 0.50 च्या वर, झालं, सगळे खूश. पण एकाच माणसाला, एकाच फॉर्ममध्ये, एकाच वेळी ‘अ‍ॅप उपयोगी वाटतं का’ आणि ‘तुम्ही वापरणार का’ दोन्ही विचारलं तर त्यांचं नातं फुगून येऊ शकतं. याला कॉमन मेथड बायस म्हणतात आणि व्हायव्हाला हा प्रश्न येतोच येतो. जमलं तर वापराचा डेटा सिस्टिमच्या लॉगमधून घ्या, नाहीतर निदान थोड्या दिवसांनी वेगळं विचारा.

आणि फॉर्म पाठवायच्या आधी चार-पाच जणांना समोर बसवून भरायला लावा, प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचत आणि डोक्यात काय येतंय ते बोलत. मध्ये समजावून सांगायला जाऊ नका, जिथे अडखळले तो प्रश्न बदला.