गेट उघडायच्या आधी: पार्काची बारा महिन्यांची तयारी

आमच्या खात्याचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. शाळा उघडतात, पार्किंगमधल्या बसगाड्या ओसरतात, बोरघाटावर ढग उतरतात आणि लोक म्हणतात, आता तुम्हाला निवांत. येणाऱ्या माणसाला आकाशपाळणा दिसतो, पाण्याच्या घसरगुंड्या दिसतात. त्यांच्या मागे पंपहाउस, पॅनेल रूम, ग्रीसचे डबे आणि रात्रपाळी असते. घाटाखालच्या एका कौटुंबिक पार्कात मी बावीस वर्षं मेंटेनन्सला आहे. फिटर म्हणून लागलो, आता सुपरवायझर आहे. यंदा आयटीआयमधून सात नवी मुलं-मुली आमच्याकडे लागली आहेत. त्यांच्यासाठी, आणि अशाच कुठल्याही पार्कात नव्यानं लागणाऱ्यांसाठी, ही यादी लिहितो आहे. छापील चेकलिस्ट तुम्हाला मिळेलच. तिच्यातल्या ओळींमागे काय आहे ते इथे वाचा.

पहिलं काम पावसाच्या आधीचं. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचायची सरासरी तारीख ११ जून, पण वळीव त्याआधीच येऊन जातो. म्हणून आपली तारीख ३१ मे धरायची. उघड्यावरच्या प्रत्येक मोटरवर झाकण बसलंय का, पॅनेलच्या दाराचं रबर कडक होऊन चिरलंय का, केबल जिथून आत शिरते ती जागा बंद आहे का, हे हात लावून बघा. रबर नखानं दाबलं की परत फुगलं पाहिजे. खळगा तसाच राहिला तर ते गेलं. बिळात पाणी शिरलं की उंदीर पॅनेल रूम गाठतात आणि केबल कुरतडतात, तेव्हा भोकं जाळीनं बुजवा. गटारं उपसणं आणि फांद्या छाटणं बागकामवाले करतात, पण राइडवर झुकलेली फांदी त्यांना दाखवायची जबाबदारी आपली.

रसायनांच्या खोलीत मात्र वेळ घालवा. क्लोरीनची पावडर आणि आम्ल एका छताखाली ठेवायचं नाही, मध्ये भिंत असली तरी नाही. दोन्ही एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि खोलीतल्या माणसाला दारापर्यंत पोहोचायलाही वेळ मिळत नाही. पावडरचे ड्रम जमिनीपासून उचलून लाकडी फळ्यांवर ठेवा, कारण ओल लागली की ती आपोआप तापते. प्रत्येक ड्रममधून पावडर काढायचा डाव वेगळा, कोरडा, आणि त्यावर रंगाची खूण. पावडर पाण्यात टाकायची. पावडरवर पाणी ओतायचं नाही. हे वाक्य मी भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून घेतलं आहे आणि दर मे महिन्यात त्यावर नवा हात मारतो.

मग पाऊस. या चार महिन्यांत मोठ्या राइड उघडून, खोलून ठेवतो. रोलर कोस्टरची गाडी रुळावरून उतरवून शेडमध्ये घेतो. गाडीला तीन तऱ्हेची चाकं असतात: वजन पेलणारी वरची, बाजूनं धरणारी, आणि रुळाच्या खालून पकडणारी. ही खालची चाकं गाडी टेकाडावरून जाताना उचलली जाऊ देत नाहीत. त्यांच्यावर प्लॅस्टिकसारखा पॉलियुरेथेनचा थर असतो. तो निघत चाललाय का, त्याला भेग आहे का, बेअरिंग फिरवल्यावर करकरतंय का, सगळं एका मापाच्या कागदावर लिहायचं.

अक्षदंडाची तपासणी नव्या मुलांनी एकदा तरी जवळून बघावी. दंड पुसून लख्ख करतात, त्यावर लाल द्रव फवारतात, थोडा वेळ थांबून तो पुसून काढतात आणि वर पांढरी पावडर मारतात. दंड चांगला असेल तर पांढराच राहतो. डोळ्याला न दिसणारी चीर असेल तर तिच्यात शिरलेला लाल द्रव हळूहळू वर येतो आणि पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटते. मी ती रेघ तीनदा पाहिली आहे. तिन्ही वेळा दंड भंगारात गेला आणि तिन्ही वेळा मी तो आधी कापून घेतला, म्हणजे चुकून कुणी परत बसवायला नको.

इथे एक गोष्ट सांगतो, कारण यादीतली एक ओळ तिच्यामुळे वाढली. मला लागून चार वर्षं झाली होती. मुलांच्या कपबशीच्या राइडजवळ झाडणाऱ्या मावशी सुपलीत काहीतरी घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "दादा, हे तुमचं का हो?" सुपलीत पाचोळा, एक चॉकलेटचा कागद आणि एक स्प्लिट पिन होती. पिन म्हणजे बोटभर तार, नट फिरून सुटू नये म्हणून घातलेली. रविवार होता, रांगा लागल्या होत्या. आम्ही त्या भागातल्या चारही राइड थांबवल्या आणि एकेक नट बघत गेलो. दुपारी साडेतीनला कळलं की ती आदल्या रात्री मीच बदललेली जुनी पिन होती. माझ्या हातून पडली होती. त्या साडेचार तासांत माझ्या डोळ्यांसमोरून काय काय गेलं ते अजून सांगता येत नाही. तेव्हापासून आमच्याकडे काढलेला भाग मोजून डब्यात टाकतात आणि नवा भाग तेव्हाच हातात मिळतो. मावशींना त्या दिवशी व्यवस्थापनानं बक्षीस दिलं, आणि आता सफाईच्या लोकांना दर सीझनला आम्ही नट, पिन, वॉशर हातात देऊन ओळख करून देतो. तुम्ही लागलात की त्यांना नावानं ओळखा. जमिनीकडे सबंध दिवस तेच बघत असतात.

गणपती गेले की बांधणी सुरू. या दिवसांत प्राणी सांभाळा. रुळाखालच्या खड्ड्यांत साप असतात. काठी आपटल्याशिवाय आणि बॅटरी मारल्याशिवाय हात घालायचा नाही. पाऊस ओसरला की आग्यामोहळं उंच लोखंडावर बसतात आणि गाडीच्या धडधडीनं उठतात. पोळं दिसलं की त्या टोकाची ट्रायल बंद. धूर करायला स्वतः चढू नका, मधमाश्या पकडणारा माणूस बोलवा. पायऱ्यांवरचं शेवाळ ब्रशनं घासून काढा. वीजवाल्यांनी प्रत्येक मोटरला मेगर, म्हणजे तारेवरचं आवरण शाबूत आहे का ते मोजणारं यंत्र, लावून आतल्या तारेच्या वेटोळ्यातली ओल तपासायची, अर्थिंगचा रोध मोजायचा, आणि पाण्याजवळच्या सगळ्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बटण दाबून पाडून बघायचा. बटण दाबलं आणि स्विच पडला नाही तर त्या लाइनला वीज द्यायची नाही.

मुंबईतून पाऊस परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर, म्हणजे खंडेनवमी आणि दसरा बहुधा याच धामधुमीत येतात. यंत्रांची पूजा आम्ही मनापासून करतो: नट फिरवायचे पाने, टॉर्क रेंच, मेगर पाटावर मांडतो, प्रत्येक राइडला झेंडूची माळ घालतो. संध्याकाळी माळा उतरवताना दोरा आणि तार मोजून काढा. गाडी कुठे पोहोचली हे कंट्रोलला सांगणाऱ्या सेन्सरसमोर झेंडूची एक पाकळी चिकटली तरी गाडी मधेच थांबते.

त्यानंतर ट्रायल. माणसांच्या जागी पाणी भरलेले पुतळे किंवा वाळूच्या गोण्या बसवतो. रिकामी गाडी, भरलेली गाडी, आणि एकाच बाजूला वजन असलेली गाडी, अशा तिन्ही तऱ्हा चालवायच्या. आपत्कालीन थांब्याचं प्रत्येक बटण दाबायचं. भर चढणीवर वीज घालवून बघायची. चढताना जो टक-टक आवाज येतो, तो गाडीला मागे न घसरू देणाऱ्या खिट्ट्यांचा. वीज गेल्यावर गाडी तिथल्या तिथे टेकली पाहिजे. मग शिडीवरून माणसं उतरवायचा सराव, आणि पुतळ्याच्या जागी खरा सहकारी बसवून. घाबरलेल्या माणसाशी काय बोलायचं ते बोलून बोलूनच येतं. "मी आलोय, बार मी सांगेपर्यंत धरून ठेवा, खाली बघू नका, माझ्याकडे बघा." एवढंच, त्याच क्रमानं. बार म्हणजे माणसाला सीटवर धरून ठेवणारा मांडीवरचा दांडा.

दिवाळीपासून जानेवारीपर्यंत सहली. पहाटे गारठा असतो, ग्रीस घट्ट असतं, चाकं थंड असतात, म्हणून गाडी हळू धावते. गेट उघडण्याआधी तिला पुरेशा रिकाम्या फेऱ्या मारू द्या. उंचीच्या पट्टीवर तडजोड नाही. बार कुणाच्या मांडीवर बसावा, कुणाच्या नाही, हे उंचीवरून ठरलेलं असतं. आईवडील रागावतात, मुलं रडतात. ऑपरेटरनं खाली वाकून मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला यावं आणि त्याला दुसरी राइड दाखवावी. नुसता नकार देऊन मुलाला रांगेतून काढायचं नाही. लहानग्यांच्या मनगटाच्या पट्टीवर बाईंचा फोन नंबर लिहायला पेन गेटवर हवेत, भरपूर हवेत. संक्रांतीच्या आठवड्यात दर सकाळी आणि दुपारी फिरत्या दंडांवर मांजा गुंडाळला गेलाय का बघा. तो बेअरिंगच्या सीलमध्ये शिरतो, आणि आकाशपाळण्यावर बसलेल्या माणसाच्या गळ्याशी येऊ शकतो.

रंगपंचमीपर्यंत पाण्याचा भाग कोरडाच ठेवा. रंग लावून आलेली मंडळी पाण्यात उतरली की फिल्टरची वाळू बरेच दिवस गुलाबी पाणी सोडते. मार्चमध्ये परीक्षा असतात, पार्क शांत असतं. घसरगुंड्या तेव्हाच तपासायच्या. फायबरचे तुकडे जिथे जोडलेले असतात तिथे खालचा तुकडा वरच्यापेक्षा जराही उंच आला तर पाठ सोलवटते. कापसाचा बोळा घेऊन वरपासून खालपर्यंत ओढत या. जिथे धागा अडकेल तिथे खडूची खूण करा. डोळा चुकतो, कापूस चुकत नाही. टाकीच्या तळाशी पाणी ओढणाऱ्या तोंडांवरच्या जाळ्या एकेक करून हलवून बघा. जाळीचा स्क्रू सैल असला तर केस किंवा हात आत ओढला जाऊ शकतो. एक जाळी नसेल तर तो पूल बंद. मॅनेजरसाहेबांना विचारायची गरज नाही, तेवढा अधिकार तुम्हाला आहे आणि तो वापरा.

एप्रिल-मे म्हणजे परीक्षा आपली. पाण्यात मोकळा क्लोरीन दर लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम, पीएच ७.२ ते ७.८, आणि उन्हात दर दोन तासांनी मोजणी, कारण ऊन क्लोरीन खाऊन टाकतं. पीएच ७.५ असताना क्लोरीनचा जवळपास निम्मा भाग जंतू मारायच्या कामी येतो. ८ ला गेला की चौथा-पाचवा हिस्साच. नुसती पावडर वाढवत राहू नका, आधी पीएच बघा. नाकात झोंबणारा वास म्हणजे क्लोरीन जास्त असा समज आहे. बहुतेकदा तो घामाशी नि लघवीशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो. काठावर उभं राहून सगळ्यात खोल जागेची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. गढूळलं की माणसं बाहेर, चर्चा नंतर. सुती कपडे पाण्यात का चालत नाहीत हे लोक रोज विचारतात: त्यांचे तंतू फिल्टरमध्ये बसतात. हे नीट सांगितलं की लोक ऐकतात.

जीवरक्षकांची बदली ठरलेल्या वेळी झालीच पाहिजे. दहा सेकंदांत आपला भाग नजरेखालून घालायचा आणि पुढच्या वीस सेकंदांत माणसापर्यंत पोहोचायचं, हे उन्हात तासन्‌तास उभ्या माणसाकडून होत नाही. त्यांना सावली, ताक आणि ओआरएस देणं मी राइडच्या ग्रीसइतकंच मेंटेनन्सचं काम समजतो.

आता रोजची सकाळ. साडेपाचला रुळाची पायी फेरी. बोल्ट आणि नटवरून ओढलेली पिवळी रेघ सरळ असली पाहिजे. मोडलेली दिसली तर नट फिरलाय. प्रत्येक सीटचा बार हातानं ओढायचा, जोर लावून, शेवटच्या सीटपर्यंत. यंत्रात शिरण्याआधी मेन स्विचला आपलं कुलूप, आपल्या नावाची पाटी, आणि किल्ली आपल्या खिशात. दुसऱ्याच्या कुलपावर भरवसा ठेवून कुणी आत जायचं नाही. रजिस्टरमध्ये बघितल्यावरच सही करायची. एखादी ओळ बघायची राहिली असेल तर ती कोरी सोडा आणि मला फोन करा. कोऱ्या ओळीवरून आजवर मी कुणाला बोललेलो नाही.

यंदाच्या यादीत दोन कामं बाकी आहेत. वेव्ह पूलच्या पंपहाउसच्या दाराचा कोयंडा सैल झालाय, तो वळवाच्या आधी बदला. आणि उंचीच्या पट्टीवरचा १२२ सेंटिमीटरचा आकडा उन्हानं फिका पडलाय. रंग माझ्या कपाटात खालच्या खणात आहे.