फॉरवर्ड आलेली बातमी वर्गात कशी वाचावी

मुलांनी फोनवर दाखवलेला मेसेज खोटा आहे, हे शिक्षकाने आधी सांगून टाकायचे नाही. आपण निकाल दिला की मुले तो पाठ करतात आणि पुढचा मेसेज पुन्हा आपल्याकडेच घेऊन येतात.

गोव्यात फोंड्याला नववीला मराठी शिकवताना मी मासळीतल्या फॉर्मेलिनपासून, म्हणजे मासे टिकावेत म्हणून लावल्या जाणाऱ्या घातक रसायनापासून, सुरुवात करते. जुलै २०१८. तपासणी पथकाच्या जागेवरच्या चाचणीत फॉर्मेलिन आढळले, मग प्रयोगशाळेच्या हवाल्याने प्रमाण मर्यादेत असल्याचे सांगण्यात आले, आणि त्यानंतर काही दिवसांतच राज्याबाहेरून येणाऱ्या मासळीवर बंदी आली. गोव्यातल्या मुलाला हा विषय परका वाटत नाही. ब्राझीलमध्ये शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरे यांनी १९६३ साली आंजिकोस गावात सुमारे ३०० जणांना त्यांच्याच रोजच्या शब्दांतून लिहा-वाचायला शिकवले. आपल्याकडे तसा शब्द मासळीच.

वाचनालयातून त्या दिवसांच्या दोन-तीन पेपरांच्या झेरॉक्स काढा. 'आढळले', 'दावा', 'अफवा' अशा शब्दांखाली रेघ मारायला सांगा. बातमीत जो जो बोलतो, त्याच्या नावाभोवती गोल. मग विचारा: कोण बोललेच नाही? इथे गप्प राहायचे. मुले उत्तराला वेळ घेतात, तो त्यांना द्या. माझ्या वर्गात एक मुलगी बऱ्याच वेळाने म्हणाली, "बाई, माझी आई तेव्हा बाजारात बसायची. तिच्या पाटीत खाडीतल्या तिसऱ्या आणि कुर्ल्या. तरी गिऱ्हाईक फिरकेना." मग दुसऱ्याने विचारले, जुलैत मासे बाहेरूनच का येतात? १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना बंदी असते, हे वर्गातूनच निघाले. एवढी साधी गोष्ट किती बातम्यांत आहे, ते त्यांनाच मोजू द्या.

पुढच्या तासाला प्रत्येकाने बाजारातल्या एका विक्रेतीशी बोलून पाच ओळींची बातमी लिहायची. व्याकरण नंतर तपासा.

ताजा फॉरवर्ड यानंतरच घ्या. त्यातला फोटो कुठला, कधीचा, हे गूगल लेन्सवर शोधायला लावा. पण मेसेज एखाद्या समाजाविरुद्ध असेल तर तो मोठ्याने वाचू नका; त्या समाजाचे मूल समोरच्या बाकावर असते. मजकूर बाजूला ठेवून फक्त फोटो द्या, आणि तास संपल्यावर त्या मुलाशी एकट्याने बोला.