विनोदी कुंग-फू फाईट कशी बसवायची

ब्रूस लीचा ठोसा बसला की विषय संपतो. जॅकी चॅन ठोसा मारतो आणि पुढच्याच क्षणी स्वतःचा हात झटकत कळवळतो. 1978 मध्ये त्याचा 'ड्रंकन मास्टर' सिनेमा गाजला, तेव्हापासून हाँगकाँगच्या कुंग-फू कॉमेडीत हे मुरलेलं आहे: नायकालाही लागतं. शॉर्ट फिल्मसाठी 20-25 सेकंदांची तशी फाईट बसवायची असेल, तर सुरुवात इथूनच करा.

आधी नायकाला अडचणीत टाका. हातात भरलेलं ताट, पायात एकच चप्पल, काहीही चालेल. मग खोलीतली एकच वस्तू निवडा आणि तिच्यातून निघेल तेवढं काढा. दहा वस्तू आणल्या की एकीचाही विनोद पिकत नाही.

समजा, लाकडी बाकडं घेतलं. नायक ते आडवं धरून लाथ अडवतो. बाकडं गर्रकन फिरतं, दुसरं टोक खलनायकाच्या पोटात. नायक खूश! बाकडं टेकवायला जातो, तर त्याचीच बोटं बाकडं नि भिंतीच्या मध्ये चेंगरतात. इथे अर्धा सेकंद दोघांनीही थांबायचं. नवखे हा थांबा हमखास गाळतात, मग प्रेक्षक हसायच्या आत पुढची लाथ येते. म्हणून तालीम निम्म्या वेगाने, मोठ्याने आकडे मोजत, थांबाही मोजत करा. चुका बंद झाल्या की मगच वेग वाढवा.

कॅमेरा स्टँडवर, फ्रेम वाइड, दोघांचीही पावलं दिसली पाहिजेत. हलत्या क्लोजअपमध्ये मार दिसतो, तो का बसला ते दिसत नाही. आणि ते कळलं नाही तर कोणी हसत नाही. ठोसा चेहऱ्यापासून वीतभर लांबून जाऊ द्या. कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे असला तर हे अंतर झाकलं जातं, बाजूने घेतलंत की उघडं पडतं. मार खाणाऱ्याने त्याच क्षणी, ठोशाच्याच दिशेने मान फिरवायची. पोटावरच्या हलक्या लाथेसाठी शर्टाच्या आत पॅड, वर टाल्कम पावडर. मागून लाइट आणि पार्श्वभूमी गडद असली की धुरळा छान दिसतो.

बाकड्याच्या कडांना फोम लावून वर लाकडाच्या रंगाचं कापड गुंडाळा. बोटं चेंगरण्याच्या शॉटला ते भिंतीच्या 5 सेंमी अलीकडेच थांबवायचं, ती फट नायकाच्या पंजाने झाकली जाते. पडायचं ते जाड मॅटवर, हनुवटी छातीला लावून, श्वास सोडत. सावरायला तळहात टेकवायचा नाही, मनगट जातं.

आता एडिटिंग. हाँगकाँगमध्ये सेकंदाला 22 फ्रेमवर शूट करून 24 वर दाखवायची जुनी युक्ती होती, त्याने हालचाल जरा वेगवान दिसते. मोबाइलवर 24 फ्रेमला घेतलं असेल, तर वेग 109 टक्के करा, तोच परिणाम येतो. 125 च्या पुढे हालचाल झटके खाते आणि कलाकारांची मेहनत खोटी वाटते. फटक्यावर कट करायचा असेल, तर नवा शॉट फटक्याच्या 2-3 फ्रेम आधीपासून सुरू करा. नवा शॉट डोळ्याला उमगेपर्यंत तेवढा वेळ जातोच; फटका दोनदा दिसल्याचं जाणवत नाही, पण तो जोरात बसल्यासारखा वाटतो. पडण्याचा शॉट मात्र कापू नका, सलग ठेवा. आवाज नंतर भरा: पोटाला घुमणारा, गालाला चटकन वाजणारा, बाकड्याला कोरडा.

फसलेले टेक डिलीट करू नका. जॅकी चॅनसारखे ते शेवटी नावांबरोबर दाखवा.