कॅम्पर व्हॅनचा निवांत गेम बनवताना या चुका टाळा

इंदूरमध्ये माझ्या परिचयातील मराठी तरुण स्वतःचा छोटा गेम बनवायला घेतात, तेव्हा अनेकांच्या मनात एकच चित्र असते: गाडीतच घर थाटायचे, महू ओलांडून जाम घाटाने निमाडात उतरायचे, महेश्वरला नर्मदेकाठी मुक्काम करायचा आणि मग मांडूकडे वळायचे. कल्पना सुरेख आहे आणि दृश्येही बहुधा छान जमतात. घोळ होतो तो आतल्या यंत्रणांत. अशा गेममधील प्रत्येक यंत्रणेने खेळाडूला थांबायला कारण दिले पाहिजे, आणि जी यंत्रणा त्याला सतत पुढे हाकलते ती कितीही कौशल्याने बांधलेली असली तरी चुकीची आहे, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे जगण्याच्या झगड्याचे गेम समोर ठेवून भूक, तहान आणि थकवा यांच्या पट्ट्या जशाच्या तशा उचलणे. चाचणीसाठी खेळायला बसलेल्या एका काकूंनी गेममधल्या मांडूत जहाज महालाशेजारी मुंज तलावाकाठी गाडी लावली आणि त्या पाण्यातले प्रतिबिंब पाहत राहिल्या. तेवढ्यात पडद्यावर भुकेची पट्टी लाल होऊन लुकलुकू लागली. "अरे, जरा बसू दे की मला इथे, सारखे काय ते लाल दिवे लावतोस?" असे त्या गेम बनवणाऱ्या मुलाला म्हणाल्या. यावरचा उपाय सोपा आहे: न खाल्ल्याने काही गमावू नये, खाल्ल्याने मात्र काहीतरी मिळावे. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस आणि थंडीत गराडू हा तळलेला कंद बनवता आला, आणि त्यानंतर काही काळ डोंगर चढताना दम लागेनासा झाला, तर खेळाडू धाकाने नव्हे, हौसेने चूल पेटवतो. मात्र एखादा पदार्थ त्या ऋतूत राहून गेला तर तो कायमचा हातचा जाऊ देऊ नका. ऋतू पुन्हा आले पाहिजेत.

वीज, वेळ आणि अंतर

"बॅटरी फार लवकर संपते" किंवा "बॅटरी कधी संपतच नाही" या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते: खेळातला तास आणि प्रत्यक्षातला सेकंद यांची गल्लत. समजा, खेळातला एक दिवस प्रत्यक्षातील २४ मिनिटांत संपतो. म्हणजे खेळातले एक मिनिट आपल्या एका सेकंदाइतके असते आणि गुणोत्तर ६० चे होते. काही उपकरणांचा खर्च खेळाच्या घड्याळाने आणि काहींचा प्रत्यक्ष सेकंदांनी मोजला गेला, तर हिशोब साठपटीने चुकतो. म्हणून सर्व खर्च वॅट-तासांत लिहा आणि एकाच घड्याळाला जोडा. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी १,२०० वॅट-तास साठवते. सरासरी २५ वॅट घेणारा फ्रिज दिवसभरात ६०० वॅट-तास खातो. ३० वॅटचा पंखा आठ तास चालला तर २४० आणि १० वॅटचा दिवा पाच तास लावला तर ५०. ही बेरीज ८९० होते. टपावर २०० वॅटचे पॅनेल असेल आणि पूर्ण तीव्रतेच्या उन्हाचे पाच तास धरले, तर दिवसाला हजार वॅट-तास मिळतात, म्हणजे उघडीप असेपर्यंत गाडी आरामात चालते आणि ढगाळ दिवशी कशाला प्राधान्य द्यायचे एवढाच विचार करावा लागतो. ही ओढाताण सौम्य आणि हवीहवीशी आहे. बॅटरी पूर्ण रिकामी झाली तरी खेळ संपवू नका. फ्रिज बंद पडावा, कंदील पेटावा आणि सकाळची वाट पाहण्यातही काही करण्यासारखे असावे.

येथे आपल्या भूगोलाचाही उपयोग करून घेता येतो. इंदूर साधारण २२.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर येतो, तर डिसेंबरच्या अखेरीस तो क्षितिजापासून सुमारे ४४ अंशांपर्यंतच चढतो. त्यामुळे टपावर आडव्या ठेवलेल्या पॅनेलवर त्या वेळी पडणारे थेट ऊन डोक्यावरच्या सूर्याच्या सुमारे ७० टक्केच राहते. पॅनेल तिरके करण्याची सोय दिली, तर हिवाळ्यात गाडी कोणत्या दिशेला तोंड करून लावावी हा एक छोटासा, समाधान देणारा निर्णय ठरतो.

अंतराबाबतची चूक उलट्या दिशेची असते. मांडू इंदूरपासून शंभरेक किलोमीटरवर आहे आणि हौशी मुले ते खरोखर तेवढेच लांब बांधायला निघतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने तिथे पोहोचायला १०० मिनिटे लागतील, म्हणजे मघाच्या घड्याळाने खेळातले चार दिवसांहून अधिक. शिवाय गेम इंजिने (ज्या तयार सॉफ्टवेअरवर गेम बांधला जातो ती) वस्तूंची स्थाने बहुधा ३२ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे मर्यादित अचूकतेच्या अपूर्णांकी, संख्यांत ठेवतात. नकाशाच्या मूळ बिंदूपासून शंभर किलोमीटरवर या संख्यांची सर्वांत बारीक पायरी, म्हणजे दोन लगतच्या स्थानांतले अंतर, जवळपास ८ मिलिमीटरची होते आणि स्टिअरिंग, हात, कपाटाचे दार, सारे थरथरू लागते. अंतर वीसपट आक्रसून पाच किलोमीटर करा: प्रवास पाच मिनिटांचा होतो आणि ती पायरी अर्ध्या मिलिमीटरवर येते. घाट मात्र त्याच प्रमाणात आक्रसू नका. वळणे आणि उतार कमी केले की रस्त्याची सारी गंमतच जाते.

फळीवरचा कप

"गाडी सुरू होताच फळीवरचा कप भिंतीतून बाहेर पडतो" ही तक्रार इतकी नेहमीची आहे की तिचे कारण नीट समजून घ्यावे. युनिटी या गेम इंजिनात फिजिक्सची, म्हणजे वस्तूंच्या हालचाली आणि धडकांची, गणना मूळ मांडणीनुसार सेकंदाला ५० वेळा होते. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर, तेव्हा दोन गणनांच्या मध्ये गाडी ३३ सेंटिमीटर पुढे जाते. गाडी फिजिक्सच्या बलांनी न हलवता थेट नव्या जागी नेऊन ठेवली जात असेल, तर कपाला त्या हालचालीची खबरच नसते: तो आहे तिथेच राहतो आणि बोटभर जाडीची फळी व भिंत त्याला ओलांडून निघून जातात. चाके फिरू लागताच आतील सर्व वस्तू गाडीच्या अंगभूत करा, त्यांचे स्वतंत्र फिजिक्स थांबवा, आणि वळणावर कप किंचित हलल्याचा भास साध्या ॲनिमेशनने द्या. खरे फिजिक्स गाडी उभी असतानाच चालू ठेवा.

सेव्ह करताना याच वस्तूंची जागा जगाच्या नव्हे, गाडीच्या संदर्भाने नोंदवा. नाहीतर गाडी महेश्वरला आणि कढई महूच्या रस्त्यावर हवेत तरंगताना दिसते.

शोधाच्या यंत्रणेबद्दल थोडक्यात सांगतो. नकाशावर सुरुवातीलाच शेकडो खुणा दाखवल्या की प्रवासाचे कामाच्या यादीत रूपांतर होते. जाम घाटाच्या माथ्यावरच्या जाम दरवाजापाशी उभे राहिले की खाली निमाड पसरलेला दिसतो. खेळाडूने तिथे थांबून पाहिले तरच, आणि जे खरोखर दिसते तेवढेच, नकाशावर उमटू द्या. मांडूतली गोरखचिंचेची अवाढव्य झाडे तर खुणेवाचूनही लांबून लक्ष वेधून घेतात.

शेवटची चाचणी उतारावरच करा. घाटात चढावर गाडी लावा, हँडब्रेक ओढा, पंखा चालू ठेवा, कप फळीच्या अगदी कडेला ठेवा, सेव्ह करून गेम बंद करा आणि पुन्हा उघडा. गाडी इंचभर जरी घसरलेली दिसली, तरी उभ्या गाडीचे फिजिक्स पूर्ण गोठलेले नाही असे समजा; आणि बॅटरीचा आकडा बदललेला असेल, तर गेम बंद असतानाचा वेळही कुठेतरी मोजला जात आहे, तो आधी शोधून काढा.