फायर अलार्म पॅनेलला पहिल्यांदा लॅपटॉप जोडताना

पॅनेलच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘अपलोड’ आणि ‘डाउनलोड’ ही दोन बटणं असतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो. काही कंपन्यांच्या भाषेत डाउनलोड म्हणजे पॅनेलमधली माहिती लॅपटॉपवर घेणं, काहींच्या भाषेत नेमकं उलटं. घाईत चुकीचं दाबलं तर रिकामी फाइल पॅनेलमध्ये जाते आणि आधीचं प्रोग्रामिंग साफ. म्हणून मॅन्युअलमध्ये या दोन शब्दांचा अर्थ पाहिल्याशिवाय केबल लावूच नका.

पॅनेलच्या मेनूतून फर्मवेअरचा (पॅनेलमधल्या मूळ प्रोग्रामचा) नंबर उतरवून घ्या आणि त्याच्याशी जुळणारंच सॉफ्टवेअर टाका. नवीन आहे म्हणजे चालेलच, असं नसतं. लॅपटॉपचा यूएसबी पॅनेलच्या सिरीयल पोर्टला जोडणारा यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर लागत असेल तर ड्रायव्हर आधी, केबल नंतर. नागपुरात बर्डीच्या बाजारात घ्यायला गेलात तर एफटीडीआय कंपनीच्या चिपचा मागा. नकली चिपवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोड 10’ ही एरर येऊ शकते आणि अर्धा दिवस जातो. तिथेच ‘पोर्ट्स’खाली दिसणारा कॉम नंबर सॉफ्टवेअरमध्ये निवडा. बॉड रेट (डेटा जाण्याचा वेग) मॅन्युअलप्रमाणेच ठेवा. तरीही जोडणी होत नसेल तर तोच पोर्ट दुसऱ्या प्रोग्रामने धरून ठेवलाय का ते बघा.

जोडणीआधी वॉचमनला आणि इमारतीच्या ऑफिसला कळवा. हूटर, लिफ्ट आणि एसीचे रिले (पॅनेलच्या इशाऱ्यावर त्यांना चालू-बंद करणारे स्विच) आयसोलेट करा, म्हणजे तात्पुरते वेगळे करा.

पहिलं काम वाचायचं, लिहायचं नाही. पॅनेलमधली फाइल काढा, तारीख घालून दोन ठिकाणी ठेवा. बदल तिच्या कॉपीत करा.

आता लूप, म्हणजे सगळे डिटेक्टर पॅनेलला जोडणारी वायर. ऑटो-लर्न केलं, म्हणजे पॅनेलला त्यावरचे डिटेक्टर स्वतः शोधू दिले, की सापडलेल्या डिटेक्टरांची संख्या ड्रॉइंगशी ताडून पाहा. एक कमी आला आणि दुसऱ्याच पत्त्यावर (डिटेक्टरच्या नंबरावर) फॉल्ट दिसला, तर बहुतेक दोघांना एकच पत्ता पडलाय. पत्ता लावायच्या डिप स्विचवर (छोट्या खटक्यांच्या रांगेवर) 37 म्हणजे 32+4+1. पण डिटेक्टरच्या काही बेसवर ‘ऑन’ म्हणजे शून्य, त्यामुळे उलटं वाचलं जातं. लेबल वॉचमनच्या तोंडी आहे तसं लिहा: ‘झोन 3 डिटेक्टर 12’ वाचून रात्री दोनला कुणी धावत नाही, ‘दुसरा मजला जिन्याजवळ’ वाचून धावतं.

डिटेक्टरचा प्रकार निवडताना नागपूरचा मे महिना डोळ्यांसमोर ठेवा. बुटीबोरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये छताला 57 अंशांचा हीट डिटेक्टर ठेवलात तर दुपारी खोटा अलार्म ठरलेला. तिथे जास्त तापमानाचा लावा आणि सॉफ्टवेअरमध्येही तोच प्रकार निवडा. कुलरच्या झोतासमोर स्मोक डिटेक्टर असेल तर ओलाव्याने तो वाजतो. तिथे संवेदनशीलता कमी करत बसू नका, डिटेक्टरच हलवा.

फाइल पॅनेलमध्ये पाठवल्यावर पॅनेल रीस्टार्ट होतं. तोवर केबल हलवू नका. मग घड्याळ लावा, कारण इव्हेंट लॉगची वेळ चुकली तर पुढे काहीच उलगडत नाही. आयसोलेशन काढा. प्रत्येक डिटेक्टरवर टेस्ट स्मोक मारून पॅनेलवर तेच लेबल येतं का आणि ठरलेलाच हूटर वाजतो का, हे एकाने वर आणि एकाने पॅनेलपाशी उभं राहून तपासा. महाराष्ट्रात 2006च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) घ्यावा लागतो. त्यांना दाखवायला अंतिम फाइल आणि ही चाचणीची यादी पॅनेलच्याच कपाटात ठेवा. पासवर्ड मात्र तिथे चिकटवू नका.