डाउनस्विंगमध्ये कंबर आधी सरकवा, मग वळवा

येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर जाण्याआधी हा सराव घरातल्या भिंतीपाशी करा. डाउनस्विंग म्हणजे मागे नेलेला क्लब (गोल्फची काठी) खाली बॉलकडे आणणं. या सरावाला क्लब लागत नाही. वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे.

भिंतीकडे पाठ, नेहमीचा स्टान्स (शॉटआधीची उभं राहायची पद्धत), नितंब भिंतीला जेमतेम टेकलेले, हात छातीवर आडवे. बॅकस्विंगसारखं (क्लब मागे नेताना वळतो तसं) वळा: उजवा नितंब टेकलेला राहतो, डावा सुटतो. आता खांदे वळायच्या आधी वजन डाव्या पायावर आणा. कंबर लक्ष्याकडे, म्हणजे डावीकडे, दोन-तीन इंच सरकेल, तेवढं पुरे. लगेच डावा नितंब मागे भिंतीला टेकवा. डावा गुडघा सरळ होत जाईल, उजवी टाच उचलेल.

बहुतेकांचं इथेच बिघडतं. दोन्ही नितंब भिंतीपासून सुटले, तर कंबर बॉलकडे ढकलली गेली असं समजा. मग हातांना जागा उरत नाही आणि शँक (बॉल क्लबच्या दांड्याजवळच्या भागाला लागणं) किंवा टॉप (क्लब बॉलच्या वरच्या भागाला लागणं) होतो. वजन न सरकवता कंबर गरकन फिरवली, तर खांदे लवकर उघडतात (लक्ष्याकडे वळतात), क्लब लक्ष्यरेषेच्या बाहेरून येतो आणि स्लाइस होतो, म्हणजे बॉल उजवीकडे वळत जातो. नुसतं सरकत राहिलात, तर बॉल सरळ उजवीकडे जातो किंवा हुक होतो, म्हणजे डावीकडे वळत जातो.

रोज वीस वेळा, अगदी सावकाश करा. ते अंगवळणी पडलं की सात नंबर आयर्नने (मधल्या पल्ल्याच्या क्लबने) अर्ध्या स्विंगचे शॉट मारा. बॉलला क्लब लागताना बेल्टचं बक्कल लक्ष्याकडे वळू लागलेलं असलं पाहिजे.