तापी-गिरणेच्या गाळातली हाडे आणि दाढा ओळखताना या चुका टाळा

तापी आणि तिला मिळणाऱ्या गिरणा, पांझरा, बोरी, अनेर, वाघूर या नद्यांच्या काठी पावसाळ्यात दरड कोसळली किंवा शेतात विहीर खोदली, की कधीतरी एखादे जड, काळपट हाड किंवा दाढ हाती लागते. ‘हे कोणत्या प्राण्याचे असेल?’ हा प्रश्न लगेच सुचतो आणि पहिली चूक तेथेच होते, कारण त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न राहून जातो, तो म्हणजे ‘हे खरोखर हाड आहे का?’

आपल्या गाळात चुनखडीचे खडे भरपूर असतात. झाडाच्या मुळाभोवती चुना साचून तयार झालेली नळी तर मांडीच्या हाडासारखी हुबेहूब दिसते, कधी तिला मधोमध भोकही असते. अशा वेळी बाहेरचा आकार विसरून तुटलेली कड भिंगाखाली पाहावी. हाडाच्या नळीला घट्ट भिंत असते, आत मज्जेची पोकळी असते आणि सांध्याच्या टोकाकडे एकमेकांत गुंतलेली बारीक जाळी दिसते. चुनखडीत मात्र सगळीकडे एकसारखा कणीदार पोत किंवा कांद्यासारखे थर असतात. काळ्या खडकाचा सच्छिद्र तुकडाही असाच फसवतो, पण त्यातली छिद्रे सुटी बुडबुड्यांसारखी असतात आणि पुष्कळदा पांढऱ्या खनिजाने भरलेली असतात. हाड हे मोडून पाहण्यासाठी नसते, तेव्हा मुळातच तुटलेली बाजू शोधावी.

हाड मोठे दिसले म्हणजे ते डायनासोरचे, हा समज इतका पक्का झाला आहे की त्याला वेगळे उत्तर द्यावे लागते. खानदेशाचा तळखडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि त्यावर पसरलेला नदीचा गाळ फार अलीकडचा आहे. भारतातली डायनासोरची प्रसिद्ध हाडे जबलपूर, बालासिनोर अशा ठिकाणच्या लमेटा नावाच्या, डायनासोरांच्या काळातल्या खडकाच्या थरांतली आहेत. आपल्या दरडीत सापडेल ते बहुधा गुराचे, घोड्याचे, हरणाचे किंवा हत्तीचे.

रंग आणि वजन यांवरून वय सांगणे ही तिसरी चूक. मँगनीजयुक्त पाण्यात काही काळ पडलेले कालपरवाचे म्हशीचे हाडही काळे पडते, आणि खरे जुने हाड पिवळसर, हलके राहू शकते. हाड जिभेला चिकटले तर ते जुने, ही परीक्षाही पुरेशी नाही, कारण कोरडी चिकणमाती तशीच चिकटते. काही जण हाड पेटवून केस जळल्यासारखा वास येतो का ते पाहतात. असे करून नमुना तर बिघडतोच, शिवाय पुढे वय काढण्याची शक्यताही धोक्यात येते.

दाढ हाती आली तर नशीब समजावे, कारण तुटक्या हाडापेक्षा दाढ कितीतरी अधिक सांगते. मात्र येथे सर्वांत जास्त घोटाळा गाय-बैल आणि घोडा यांच्यात होतो. गिरणेच्या वाळूत मिळालेली एक उंच, काळी, अरुंद दाढ मी कित्येक महिने घोड्याची म्हणून जपली होती, केवळ ती उंच होती म्हणून. दोघांच्याही दाढा उंच असतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मग एके दिवशी ती ओल्या फडक्याने पुसून चावण्याच्या बाजूने तिरप्या उन्हात धरली, तेव्हा एनॅमलची, म्हणजे दातावरच्या कठीण थराची, चंद्रकोरीसारखी वळणे, त्यांच्यामध्ये एनॅमलनेच बंद केलेली बेटे आणि गालाकडच्या बाजूला दोन पाकळ्यांच्या खाचेत उभा असलेला एक बारीक खांब स्पष्ट दिसला. हा खांब गाय-म्हैस वर्गाची मोठी खूण आहे. दाढ झिजत त्याच्यापर्यंत पोहोचली, की पृष्ठभागावर त्याचे लहानसे कडे दिसते. वरच्या दाढेत तो जिभेच्या बाजूला, खालच्या दाढेत गालाच्या बाजूला असतो. घोड्याच्या खालच्या अरुंद दाढेत बंद बेटे नसतात, तेथे एनॅमलची एकच रेघ आतबाहेर वळणे घेत फिरते. वरची दाढ जवळजवळ चौकोनी असते आणि तिची नक्षी दाट. शेळी-मेंढीच्या दाढा लहान असतात व त्यांना हा खांब नसतो. गाय की म्हैस, हे मात्र एका सुट्या दाढेवरून ठरवण्याचा हट्ट धरू नये.

हत्तीची दाढ म्हणजे एकामागे एक लावलेल्या एनॅमलच्या पट्ट्या. त्यांतली एकच पट्टी सुटून आली, तर ती दाढेचा भाग आहे हे लक्षातही येत नाही. झिजलेली डुकराची दाढ माणसाच्या दाढेसारखी दिसते, म्हणून घाई नको. पण हाडे माणसाची असल्याची रास्त शंका आली, तर काहीही न हलवता पोलिसांना कळवावे. कासवाच्या पाठीचे नक्षीदार तुकडे कवटीचे म्हणून दाखवले जातात, आणि मगरीचे शंकूसारखे पोकळ दात वाघाचे म्हणून.

जागेची नोंद न ठेवणे ही चूक मात्र नंतर दुरुस्त होत नाही. घराच्या बांधकामावर ट्रॅक्टरने आलेल्या वाळूत दाढ मिळाली, तर ती ‘आमच्या गावची’ नसते, वाळू ज्या पात्रातून उपसली त्या पात्राची असते, आणि तेथेही ती कुठल्या थरातून वाहून आली हे कळत नाही. दरडीत जागच्या जागी दिसलेले हाड उपसण्याऐवजी त्याचा फोटो, काठापासूनची खोली आणि मातीचा थर टिपून ठेवावा. गावाच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, खापरांसोबत मिळालेली हाडे ही वेगळीच बाब आहे. प्रकाशे किंवा बहाळ येथील उत्खननांनी दाखवल्याप्रमाणे त्या टेकाडांत ताम्रपाषाण काळच्या वस्त्या असतात; तेथे खोदू नये, पुरातत्त्व खात्याला कळवावे. किरकोळ वाटणारी वस्तूही फेकू नये. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे मिळालेले नक्षी कोरलेले शहामृगाच्या अंड्याचे कवच सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे आहे, आणि असा तुकडा कोणीही खापरी समजून टाकून दिला असता.

ओले हाड एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर वाळवले, तर संध्याकाळपर्यंत त्याला तडे जातात. ते सावलीत, कागदात सैल गुंडाळून हळूहळू वाळू द्यावे. तारेचा ब्रश, ॲसिड, तेल, वॉर्निश आणि झटपट चिकटणारे गोंद यांपासून लांब राहावे. हाड फारच भुसभुशीत असेल तर संग्रहालयांत वापरतात तो ॲसिटोनमध्ये विरघळणारा पॅरालॉइड बी-७२ हा कृत्रिम राळेचा लेप चालतो, कारण तो पुन्हा काढता येतो. पण नीट माहिती नसेल तर काहीच न लावणे बरे.

शेवटी पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या, तुलनेसाठी प्राण्यांचे सांगाडे ठेवणाऱ्या संस्थेतील अभ्यासकाला फोटो पाठवायची वेळ येते, आणि तेथे तळहातावर ठेवून काढलेला एकच धूसर फोटो पोहोचतो. दाढेचे फोटो चावण्याच्या बाजूने अगदी सरळ वरून, मग गालाच्या, जिभेच्या आणि मुळांच्या बाजूने काढावेत. मोजपट्टी टेबलावर न ठेवता दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागाच्या उंचीवर, काड्यापेटी किंवा पुठ्ठ्यावर टेकवून धरावी, नाहीतर फोटोवरून घेतलेले माप खऱ्या मापापेक्षा मोठे येते.